करारी गृहस्थ

नेरळहून मुरबाडच्या दिशेने निघालात की वाटेत कळंब लागते. तिथल्या एका घरात, भिंतीवरच्या फळीवर, एक गृहस्थ मुक्कामाला आहेत. अंगात काळा पुठ्ठ्याचा कोट, कडांना लाल रंग, खाली लोंबणारी एक फीत. देह वजनदार, पण कागद इतका पातळ की पावसाळ्यात पाने एकमेकांना चिकटतात आणि घरच्या आजींना ती फुंकर मारून सोडवावी लागतात. नाव पवित्र शास्त्र. शहरात त्यांना बायबल म्हणतात. दोन्ही हाकांना ते ओ देतात. त्यांची तुमची ओळख करून द्यावी असे फार दिवस मनात होते, कारण त्यांच्याविषयी गैरसमज बरेच आहेत आणि मनाने ते फार मोठे आहेत.

पहिला गैरसमज भविष्याचा. शेजारीण दारातूनच विचारते, "आजी, तुमच्या पोथीत बघा की जरा, पोरीचं यंदा जमेल का?" आजी हसतात, गृहस्थ गप्प बसतात. शकुन-मुहूर्ताच्या प्रश्नाला त्यांनी आजवर कधी उत्तर दिलेले नाही. ज्योतिष सांगणाऱ्यांवर तर त्यांचा जुना राग आहे. त्यांच्याकडे संदेष्टे आहेत आणि संदेष्टे उद्याचे बोलतात, हे खरे. पण कशासाठी बोलतात, ते योनाच्या गोष्टीत पाहावे. चाळीस दिवसांत निनवे शहर उलथेल, असे योना रस्त्यारस्त्यातून ओरडत गेला. लोकांनी ऐकले, राजानेसुद्धा गोणपाट नेसले, आणि शहर वाचले. सांगितलेले घडले नाही म्हणून ज्योतिषाची अब्रू जाते. इथे सांगितलेले टळले, हेच संदेष्ट्याचे यश होते. योनाला मात्र ते पचले नाही. तो शहराबाहेर उन्हात रुसून बसला, आणि देवाला त्याची समजूत काढावी लागली. गृहस्थ ही गोष्ट सांगतात आणि शेवटी देवाने योनाला विचारलेला प्रश्न ऐकणाऱ्यासमोर तसाच ठेवून थांबतात. शेवट गोड करण्याची त्यांना घाई नसते.

त्यांचा गोतावळा अफाट आहे. प्रॉटेस्टंट घरात ते 66 पुस्तकांचा परिवार घेऊन राहतात, कॅथलिक घरात 73 पुस्तकांचा. जुना करार हिब्रूत, त्यातला थोडा भाग अरामीत, नवा करार ग्रीकमध्ये. लिहिणाऱ्यांमध्ये राजदरबारी आहेत, पुरोहित आहेत, तंबू शिवून पोट भरणारा पौल आहे. हे सगळे जमायला शेकडो वर्षे लागली. ख्रिस्ती श्रद्धा अशी की या सगळ्यांच्या तोंडून आणि लेखणीतून देवानेच आपले मन उघड केले. पण असे करताना त्याने कोणाचा आवाज दाबून टाकला नाही. यशयाची भाषा दरबारी आणि भारदस्त राहिली. यिर्मया रडत राहिला. हबक्कूक तर थेट देवाशीच भांडला: अन्याय डोळ्यांसमोर चालला असताना तू गप्प का? गृहस्थांनी ते भांडण खोडले नाही, मानाने सांभाळून ठेवले.

माणसे निवडण्याची त्यांच्या घरची रीत निराळी आहे. जो पुढे पुढे करतो, त्याला फारसे विचारत नाहीत. जो नको म्हणतो, त्यालाच नेमके गाठतात. मोशे म्हणाला, माझी जीभ जड आहे. यिर्मया म्हणाला, मी अजून पोर आहे. योनाने तर उलट्या दिशेचे जहाजच पकडले. आमोसाची गोष्ट कर्जतच्या माणसाला लवकर कळेल. तो तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची राखण करणारा. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तो बेथेलच्या राजमंदिरात गेला आणि राजाच्या कारभारावर बोलू लागला. तिथल्या पुरोहिताने त्याला दरडावले, हे राजाचे देवस्थान आहे, आपल्या गावी जा आणि तिथे पोट भर. आमोसाचे उत्तर होते, संदेश सांगणे हा माझा धंदा नाही, बापाचाही नव्हता, मला कळपामागून उचलून पाठवले आहे. घराण्याचा अभिमान अनेकांना असतो. या गृहस्थांना घराणे नसलेल्या नातेवाइकांचा अभिमान आहे.

आता त्यांचा राग. तो गरिबावर कधी निघत नाही, आणि श्रीमंतापुढे कधी आवरत नाही. मापाची पायली लहान ठेवायची, पैसे तोलायचे वजन जड ठेवायचे, आणि गव्हाबरोबर कोंडाही विकायचा, हे उद्योग आमोसाने चव्हाट्यावर मांडले. गाणी बंद करा, आधी न्याय वाहू द्या, असे त्याचे म्हणणे होते. मजुरीच्या बाबतीत तर गृहस्थ फारच काटेकोर. मोशेच्या नियमशास्त्रात हुकूम आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. शेकडो वर्षांनी याकोबाच्या पत्रात तोच राग पुन्हा भडकतो: कापणी करणाऱ्यांची बुडवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणे देवाच्या कानी गेले आहे. भाताची कापणी आटोपली की कर्जत-खालापूरच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि हंगामाच्या शेवटी हिशेब होतो. तो हिशेब या गृहस्थांसमोर वाचला जावा, असे मला मनापासून वाटते. देवाची इच्छा गूढ असते असे म्हणणाऱ्याला ते मजुरीचा हा नियम दाखवतात. यात गूढ काही नाही.

पण राग आला म्हणून ते दर वेळी आरडाओरडा करत नाहीत. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला लढाईच्या तोंडी देऊन मारवले, तेव्हा नाथान संदेष्टा दरबारात आला तो एक साधी गोष्ट घेऊन. एका श्रीमंताकडे मेंढरांचे कळप होते, गरिबाकडे लेकरासारखी वाढवलेली एकच कोकरी होती, आणि पाहुण्यासाठी श्रीमंताने तीच ओढून नेली. दावीद संतापला, त्या माणसाला शिक्षा सांगून मोकळा झाला. मग नाथानाने राजाकडेच बोट दाखवले. गृहस्थांची सगळ्यांत धारदार सवय हीच. ते तुम्हाला न्यायाधीशाच्या जागी बसवतात, निकाल तुमच्याच तोंडून वदवतात, आणि मग आरोपी कोण ते सांगतात.

घरची लफडी झाकायची नाहीत, हा त्यांचा आणखी एक हट्ट. दावीद म्हणजे त्यांचा लाडका राजा, स्तोत्रांचा धनी, पण त्याचा गुन्हा त्यांनी नावानिशी लिहून ठेवला. पेत्र म्हणजे पहिल्या मंडळीचा आधारस्तंभ, पण कोंबडा आरवायच्या आत त्याने आपल्या गुरूला तीनदा नाकारले, हे चारही शुभवर्तमानांत आहे. ज्याला आपल्या घराचे फक्त गोडवे गायचे असते, तो असे करत नाही. यामुळेच त्यांच्या शब्दावर माझा विश्वास बसतो.

मरणाला ते दाद देत नाहीत. यिर्मयाने तोंडी सांगितलेले बारूखाने गुंडाळीवर उतरवले आणि ती गुंडाळी यहोयाकीम राजासमोर वाचली जाऊ लागली. हिवाळ्याचे दिवस, समोर शेगडी. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापून विस्तवात टाकी. अशी अख्खी गुंडाळी जळाली. यिर्मयाने दुसरी घेतली, बारूख पुन्हा लिहायला बसला, आणि या खेपेस मजकूर आधीपेक्षा वाढला. जाळणाऱ्याच्या वाट्याला हेच येते. त्याआधी योशीया राजाच्या काळात वेगळाच प्रसंग घडला होता. यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालली असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. देवाच्या घरातच देवाचे पुस्तक हरवले होते! ते खरे की कसे, हे विचारायला राजाची माणसे गेली ती हुल्दा नावाच्या बाईकडे. ती संदेष्टी होती, आणि तिच्या शब्दावर राजाने सारा देश हलवला. बाईने शास्त्राचा अर्थ सांगावा, याचे नवल गृहस्थांना वाटत नाही. नवल वाटते ते आपल्याकडच्या लोकांना.

त्यांची स्मरणशक्ती दांडगी आहे. 1947 मध्ये मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत जुन्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यांत यशयाचे अख्खे पुस्तक होते, तोवर माहीत असलेल्या हिब्रू प्रतींहून सुमारे हजार वर्षे जुने. शेजारी ठेवून पाहिले, तर अक्षरांचे आणि शब्दांचे काही फरक निघाले, पण यशया तोच निघाला. हातांनी नक्कल करत आलेल्या अनाम लेखनिकांना हे श्रेय आहे. शोभेच्या बाबतीत मात्र गृहस्थ थोडे हौशी. अध्याय-वचनांचे आकडे ते असे मिरवतात की जणू जन्मापासून अंगावर आहेत. खरे तर अध्याय पडले तेराव्या शतकात, आणि आजचे वचनांचे आकडे सोळाव्यात.

रायगडात त्यांच्याआधी त्यांचा एक संदेष्टा येऊन राहिला होता, हे थोड्यांना ठाऊक असते. बेने इस्राएल ज्यू लोक, ज्यांना कोकण शनवार तेली म्हणून ओळखत असे, या जिल्ह्यातल्या गावोगावी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. त्यांच्या परंपरेत एलीया, म्हणजे एलियाहू हनाबी, घरच्या माणसासारखा आहे. नवस फेडताना पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा त्याच्या नावाने होतो, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. ग्रंथ हाताशी नव्हते त्या काळातही शब्बाथ आणि शेमाची प्रार्थना त्यांनी सोडली नव्हती. पुढे मुंबईत मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले आणि शास्त्राच्या मूळ भाषेचे दार मराठीतून उघडले. एलीयाचा एक प्रसंग गृहस्थ नेहमी सांगतात. तो जिवाच्या भीतीने होरेब डोंगरावर लपला होता. सोसाट्याचा वारा आला, भूकंप झाला, आग पेटली, पण देव त्यांपैकी कशात नव्हता. नंतर एक अगदी बारीक, मंद आवाज आला, आणि एलीयाने तोंड झाकून घेतले.

मराठी शिकायला त्यांना वेळ लागला, पण आवड आधीपासूनची. 1616 साली गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेले ख्रिस्तपुराण छापून निघाले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. पहिल्या पुराणात जुना करार आणि त्यातले संदेष्टे, दुसऱ्यात येशूचे चरित्र. म्हणजे गृहस्थ मराठीत आले ते ओवी गातच. गद्य पोशाख मिळाला तो दूर बंगालमधल्या श्रीरामपुरात. विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने मराठी शिकून घेतली. 1805 मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि 1811 मध्ये नवा करार निघाला. तो अंगरखा मुंबईकरांच्या अंगाला नीट बसला नाही. 1813 मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नव्याने बेतायला घेतले. त्यांच्यातले गॉर्डन हॉल 1826 मध्ये नाशिककडून परतताना पटकीने वारले. त्याच वर्षी त्यांच्या मिशनचा नवा करार छापून निघाला. 1847 मध्ये संपूर्ण शास्त्र मराठीत आले. पुढे बाबा पदमनजींसारख्या मराठी हातांनी ते तपासले, त्यावर टीका लिहिली, तेव्हा गृहस्थांचा परकेपणा बराच गेला.

पण त्यांना सर्वांत जवळचे वाटते ते केडगाव. पंडिता रमाबाईंना काशी-कलकत्त्याच्या तोडीचे संस्कृत येत होते. 1878 मध्ये कलकत्त्यातच त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. अशा बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे शास्त्र एकहाती मराठीत आणले, आणि तेही साध्या मराठीत. कारण त्यांच्यासमोर पंडित नव्हते. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आलेल्या मुली होत्या, विधवा होत्या, कालपरवा अक्षर ओळखू लागलेल्या बाया होत्या. खिळे जुळवणे, छापणे, बांधणे हे कामही तिथल्या स्त्रियाच करत. काम पुरे होईपर्यंत देवाने आयुष्य द्यावे, ही रमाबाईंची प्रार्थना होती. भाषांतर हातावेगळे झाले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. पुस्तक 1924 मध्ये बाहेर पडले. हुल्देला विचारायला राजवाड्यातून माणसे आली होती. रमाबाईंनी शास्त्र अशा घरांत नेले जिथे माणूस पाठवून विचारणारे कोणी नव्हते.

ओळख करून घेण्यासाठी ते कुठेही तयार असतात, आगगाडीतसुद्धा. नारायण वामन टिळक 1893 मध्ये राजनांदगावच्या प्रवासात होते, तेव्हा डब्यातल्या एका गोऱ्या गृहस्थांनी त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांनी वाचायचे कबूल केले म्हणून वाचायला घेतले, आणि डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर ते पुस्तक त्यांना सोडवेना. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घरात काय काय घडले, ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त सांगितलेच आहे. गृहस्थ घरात शिरले की घर आहे तसे राहत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

एकटे वाचले जाणे त्यांना चालते, पण संगतीत ते खुलतात. कूश देशाचा एक खजिनदार रथात बसून यशया मोठ्याने वाचत चालला होता. फिलिप्पाने धावत गाठून विचारले, कळते आहे ना? तो म्हणाला, कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसे? मग दोघे शेजारी बसले. ख्रिस्ती मंडळी अजून तेच करते. प्रार्थना सभेत पाळक एक अध्याय वाचतात, म्हाताऱ्या बाया अर्थ विचारतात, पोरे प्रश्न काढतात. कॅथलिक म्हणतात, हे गृहस्थ चर्चच्या परंपरेसोबत राहतात, त्यांना घरातून वेगळे काढू नका. प्रॉटेस्टंट म्हणतात, शेवटचा शब्द त्यांचाच. भांडण जुने आहे, पण अंतर आता कमी झाले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये शास्त्र सर्व श्रद्धावंतांच्या हाती मोकळेपणाने द्यावे असे सांगितले. आपल्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले.

एक गोष्ट मात्र त्यांना अजिबात खपत नाही. डोळे मिटून पान उघडायचे, बोट ठेवायचे आणि त्या वचनाला देवाचा कौल म्हणायचे! गोड बोलणाऱ्यांपासूनही ते सावध करतात. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने लोकांना दोन वर्षांत सगळे सुरळीत होईल असे सांगितले आणि यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू मोडून टाकले. टाळ्या हनन्याला मिळाल्या, खरा ठरला यिर्मया. अहाब राजाजवळ तर चारशे संदेष्टे एका सुरात होकार देणारे होते, आणि एकटा मीखाया नाही म्हणाला. त्यालाच तुरुंगात टाकले. देवाच्या नावाने कोणी बोलू लागला की गृहस्थ दोन गोष्टी पाहायला लावतात: बोलणाऱ्याला त्यातून काय मिळते, आणि दुबळ्याचे त्यात काय होते.

आणि एवढा मोठा कुटुंबकबिला, एवढा मान असून ते स्वतःकडे लक्ष वेधत नाहीत. बोट सतत दुसरीकडे. त्यांच्याच इब्री लोकांस पत्रात सांगितले आहे की देव पूर्वी संदेष्ट्यांमधून नाना प्रकारे बोलला आणि शेवटी पुत्रामधून बोलला. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाची गुंडाळी उघडली, गरिबांना सुवार्ता आणि बंदिवानांना सुटका मिळेल असा भाग वाचला, आणि हे आज पुरे झाले म्हणून सांगितले. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने देवाच्या मनाचा पूर्ण उलगडा पुस्तकात संपत नाही, एका जगलेल्या जीवनात तो होतो. गृहस्थ त्या जीवनाचे साक्षीदार आहेत. आपणच सर्वस्व आहोत असे त्यांनी कधी म्हटले नाही, आणि जो त्यांना फक्त पूजेला ठेवतो, त्याच्यावर ते मनातून नाराज असतात.

तर कळंबला जाल तेव्हा भेटा. आधी लूकचे शुभवर्तमान उघडा, मग आमोस, मग स्तोत्रे. देवाची इच्छा काय, असे विचारायला संकोचू नका. हा प्रश्न मोरेशेथ नावाच्या खेड्यातल्या मीखा संदेष्ट्यानेही घेतला होता. हजारो मेंढ्यांचे बळी हवेत का, तेलाच्या नद्या हव्यात का, पोटचा मुलगा द्यावा का, असे एकेक नाकारत तो तीन गोष्टींवर आला: न्यायाने वागावे, दयेची आवड धरावी, देवाबरोबर नम्रतेने चालावे. या तिन्ही गोष्टी मला पटल्या आहेत. त्यांना मंदिर लागत नाही, भटजी लागत नाही, शहर तर नाहीच. मजुराचा हिशेब चोख देऊन, बाजारात खरे माप भरून त्यांची सुरुवात कळंबमध्ये आजही करता येते.